हक्कसोडीच्या आधी

सिटी सेंटर, ग्वाल्हेर

प्रिय बाबू,


हक्कसोडपत्राचा मसुदा पोचला. सोबतच्या चिठ्ठीत तू दोन ओळींत सगळं उरकलंस: वाडीत आता काही राहिलं नाही, गिऱ्हाईक चांगलं आहे. सहीचं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुझी धाकधूक जाईल. सही मी करणार नाही. पण तू विकू नकोस, असंही माझं म्हणणं नाही. माझा वाटा तेवढा मोजून वेगळा ठेव, वाडीतल्या तळ्याच्या, बावखलाच्या अंगाचा.

आपल्याला ख्रिस्ती म्हणून लागू होतो तो १९२५ चा वारसा कायदा. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नाही, म्हणजे एक तृतीयांश आईचा आणि उरलेल्यात तू नि मी सारखे. देशभरातल्या सगळ्या हिंदू मुलींना वडिलार्जित मिळकतीत जन्मापासून मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळायला २००५ साल उजाडावं लागलं. आपल्याकडे बरोबरी निदान ऐंशी वर्षं आधीपासून कायद्यात आहे. आणि तरी वसईत नंदाखालपासून निर्मळपर्यंत किती मुलींनी माहेरचा वाटा मागितला? लग्नात सोनं घातलं, पहिलं बाळंतपण केलं, की सही. देवळात पहिलं वाचन करायला बाई चालते, सातबाऱ्यावर तिचं नाव आलं की घरात कुजबुज सुरू होते. हा राग तुझ्यावर नाही, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आता तुझ्या खऱ्या दुखण्याकडे येते. प्रवचनात जमीन विकणाऱ्यांबद्दल काही बोललं गेलं आणि ते तुझ्या जिव्हारी लागलं, असं आईने फोनवर सांगितलं. बाबू, हे ओझं तू एकट्याने घेऊ नकोस. आपली वाडी एकट्या आपल्या घराने कधी राखलेलीच नव्हती.

आठवून बघ. वाडीला पैसा लागायचा तो कुठून यायचा? सावकाराच्या दारातून लोकांना बाहेर काढलं ते पतपेढीने. आपली बसीन कॅथॉलिक बँक १९१८ सालची, मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात फादर मोझेस कोडी यांनी कोळ्यांना आणि शेतकऱ्यांना सहकाराचे धडे दिले, ती अँटिगोनिशची चळवळ जगभर नावाजली गेली. पण त्यांचा विद्यापीठातला विभाग सुरू झाला १९२८ मध्ये, आपल्या बँकेनंतर दहा वर्षांनी. वसईवाल्यांना स्वतःची फुशारकी मारता येत नाही, हा आपला जुनाच दोष.

माल विकला कोणी? बायकांनी. पहाटेच्या विरार लोकलच्या लगेजच्या डब्यात टोपल्या चढवून, लाल लुगड्याचा काष्टा मारून, भाजी आणि फुलं घेऊन मुंबईला जाणाऱ्या आपल्या आज्या, काकवा, माम्या. एकीला ताप आला तर दुसरी तिची टोपली विकून हिशोब घरी आणून द्यायची, कुठे कागद नाही की सही नाही. राजेळी केळ्यांची सुकेळी वाळवायची तर सोलायला, उन्हात पसरायला आळीतले सगळे हात लागायचे. आज सुकेळी महाग का, म्हणून लोक विचारतात. राजेळीची लागवड कमी झाली हे खरंच, पण ते हात त्याहून कमी झाले. आणि एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. वाडीत खणायला, शेणखत वाहायला आदिवासी मजूर होते आणि त्यांना कमी मजुरी देण्यात आपली भाविक घरंही मागे नव्हती. जुन्या वसईचं गुणगान करणाऱ्यांच्या लेखात हा मजूर सहसा सापडत नाही.

पाण्याचंही तसंच. बावखल एकाच्या जमिनीत असलं तरी त्यातलं पावसाचं पाणी मुरून आळीतल्या सगळ्यांच्या विहिरी गोड ठेवायचं. समुद्र इतका जवळ की वरचं गोडं पाणी उपसून संपवलं तर खालून खारं वर येणार. रहाटाला बैल जुंपलेले असताना उपशाला आपोआप मर्यादा होती. मग पंप आले, त्यांच्यामागे टँकर आले. पश्चिमेच्या विहिरींचं पाणी पूर्वेच्या इमारतींना जायला लागलं. १९९० मध्ये सिडकोकडे आपल्या पट्ट्याचं नियोजन गेलं, त्याच सुमारास हरित वसईचं आंदोलन पेटलं. त्यात पुढे असलेले फादर दिब्रिटो तेव्हा 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. देवळाच्या आवारात लोक जमायचे ते टँकर आणि बिल्डरांबद्दल बोलायला. धर्मग्रामाची, म्हणजे आपल्या पॅरिशची, ताकद मी तेव्हा पाहिली. ती केवळ भक्तीची नव्हती. लोकांना एकमेकांची घरं, जमिनी, कर्जं ठाऊक होती, म्हणून त्यांना फोडणं अवघड होतं. जुलै २०२४ मध्ये फादर गेले. त्याआधीच, २००९ मध्ये महापालिका आली, गावं तिच्यात घ्यायची की वगळायची यावर भांडणं झाली. २०१८ च्या जुलैत रुळांवर पाणी चढून लोकल थांबल्या, तेव्हा भराव घातलेल्या खाजणांची आठवण सगळ्यांना एकदम झाली.

पण बिल्डरवर सगळं ढकलून आपली सुटका नाही. वाडी खरी सोडवली ती आपल्या शाळांनी, आणि हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. फादर-सिस्टरांनी शाळा काढल्या, मुली शिकल्या, मी शिकले, म्हणून आज इथे जिवाजी विद्यापीठाच्या शेजारी राहून मी पगार घेते. शाळेत हुशार ठरलेल्या मुलाने बँकेत, विमान कंपनीत, आखातात जायचं आणि नापास झालेल्याने वाडी बघायची, हे मात्र आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं. फळ्यासमोर बसून कुणी आम्हाला केळीची बाग शिकवली नाही, कसल्या रोगाने पानवेल सुकते तेही नाही. मग वाडीत राहिलेल्याला आपण नापास झालेलाच समजणार. तुला बारावीनंतर वाडीत बसवलं तेव्हा घरात जी शांतता होती, ती मला अजून टोचते.

इथे ग्वाल्हेरला मिस्सा हिंदीत असते. बाकावर शेजारी केरळची नर्स, झारखंडचा शिपाई. सगळे नोकरीने आलेले, शेतकरी एखादाच. 'ख्रिश्चन और खेती?' असं मला इथे सहज विचारतात. त्यांच्या डोळ्यांसमोर ख्रिस्ती म्हणजे कॉन्व्हेंट शाळा आणि इस्पितळ. मध्य प्रदेशातच झाबुआकडे भिल्ल कॅथॉलिक शेतकरी आहेत, हे त्यांच्या गावीही नसतं. आणि गंमत बघ, या शहरावर ज्यांनी राज्य केलं त्या घराण्याचे मूळपुरुष राणोजी शिंदे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांबरोबर वसईच्या वेढ्यात होते. किल्ला पडला, पोर्तुगीज गेले, आपले लोक मात्र वाडीत पाणी सोडत राहिले. राज्य बदललं म्हणून वाडी सोडावी असं त्यांच्या मनातही आलं नसेल.

आपल्यापेक्षा कठीण परिस्थितीतली धर्मग्रामंही आहेत. श्रीरामपूरजवळ हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेत सप्टेंबरात माणसांचा पूर लोटतो. त्यातल्या कितीतरी दलित ख्रिस्ती घरांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. जात गेली नाही, पण १९५० च्या आदेशामुळे ख्रिस्ती झाल्यावर अनुसूचित जातीची सवलत गेली. त्याच नगर जिल्ह्यात स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट फादर हर्मन बाखर माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवण्याचं काम करत राहिले. त्यांची अट अशी की पाणलोटातलं काम सगळ्या गावाने मिळून करायचं, एकेकट्याच्या बांधावर नाही. डोंगर कुणा एकाचा नसतो, तसं आपलं भूजलही नाही. आपल्याकडे बँक झाली, आंदोलन झालं, मात्र वाडी एकत्र कसण्याची संस्था माझ्या माहितीत कुणी काढली नाही. तिथे आपण कमी पडलो असं मला वाटतं.

म्हणून विकण्याआधी एवढं कर. शेजारच्या तिन्ही वाड्या ओस आहेत, त्यांचे मालक वसईबाहेर. त्यांना विचार, पाच वर्षांच्या करारावर देतील का. चार वाड्या मिळून एक पंप, एक टेम्पो आणि दादरच्या बाजारात माल विकायला एकच माणूस, असा हिशोब कागदावर मांडून बघ. मोगरा आणि भाजी धर, केळीवर फार भिस्त ठेवू नकोस. तरीही बसत नसेल तर तुझा भाग वीक आणि मुलीच्या शिक्षणाला लाव. कुणाला जाब देऊ नकोस, प्रवचनालाही नाही. फक्त विकताना नकाशावर बावखल मोजून घे. नंतर ते बुजवलं की तिथे पूर्वी पाणी होतं हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

आईच्या वाट्याचं काय करायचं ते आईला विचार, तिच्या वतीने तू ठरवू नकोस. तिचं नाव सातबाऱ्यावर चढलंय का? वारस नोंदीचा फेरफार झाला असेल तर त्याची नक्कल मला पाठव, तलाठ्याकडे गेलास की घेऊन ठेव.

मे महिन्यात आम्ही येतोय. बावखलाचा गाळ काढायचा तर तो पाऊस सुरू व्हायच्या आत निघायला हवा, आणि माणसं आयत्या वेळी मिळत नाहीत. तेव्हा आताच कुणाशी तरी बोलून ठेव. मजुरीचा अर्धा खर्च माझा.

तुझी,
ताई