पुढचे पाटे

जीपगाडीची स्तुती करणारे लोक पाहा. सगळे तिच्या इंजिनाची स्तुती करतात. चिखलातून कशी निघाली, ओढ्यातून कशी पार झाली, चारही चाकांना जोर दिल्याबरोबर उभा चढ कसा चढून गेली, हे सारे हातवारे करून सांगतात. वर पोचल्यावर आत बसलेल्यांच्या कमरेचे काय झाले, हे मात्र कोणी सांगत नाही. मला यंत्रातले फारसे कळते असे नाही. मी कॉलेजात मराठी शिकवतो. माझा रोजचा संबंध संधी-समासांशी. तरीही गेल्या दिवाळीपासून माझे एक ठाम मत झाले आहे. जुन्या जीपची परीक्षा करायची असेल तर तिचे बॉनेट उघडण्याच्या आधी जमिनीवर बसावे, मान वाकडी करावी आणि पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला पाहावे. तिथे तिचे पाटे असतात.

पाटा म्हटल्यावर पुष्कळांना वरवंटा आठवेल, आणि मिक्सर आल्यापासून गॅलरीच्या कोपऱ्यात भिंतीशी उभा करून ठेवलेला तो बिचारा दगड आठवेल. शब्द तोच, पण दोघांचे स्वभाव अगदी उलटे. स्वयंपाकघरातला पाटा जागचा हलू नये म्हणून जड, आणि गाडीचा पाटा लवावा म्हणून पातळ. पोलादाच्या या लांब, बाकदार पट्ट्या एकीखाली एक रचलेल्या असतात. सर्वांत लांब ती मुख्य. तिच्याखालची थोडी आखूड, तिच्याखालची आणखी आखूड. लढाईच्या काळातल्या जीपला पुढच्या एकेका बाजूला असे आठ पाटे, रुंदी पावणेदोन इंच. मधोमध आरपार एक बारीक बोल्ट, आणि सगळा थर यू-बोल्टांनी आसाला आवळलेला. चाक दगडावर चढले की पाटे ताणून सरळ होतात, एकमेकांवर घासतात, आणि त्या घासण्यातच धक्क्याचा काही भाग जिरतो. बैलगाडीला हे नसते. म्हणून बैलगाडीत वाटेवरचा प्रत्येक दगड थेट पाठीच्या कण्याला नमस्कार करतो.

आमच्या घरी अशी एक जीप आहे. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले आणि अमेरिकन लष्कराचा इथे उरलेला माल डिस्पोजलमध्ये विकायला निघाला. त्या मालातून आजोबांनी १९४७ साली ती घेतली. लष्कराच्या कागदोपत्री हिचे नाव ‘पाव टनी ट्रक’ असे होते. आजोबांनी ते नाव मनावर घेतले असावे, कारण त्यांनी तिच्यातून वर्षानुवर्षे गुळाचे रवे वाहिले. आता ती कोल्हापुरात माझ्या थोरल्या चुलतभावाच्या, अण्णाच्या दारात उभी असते. स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे गल्लीतली नवी पोरे अजूनही तिच्याकडे कौतुकाने पाहतात.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता अण्णाच्या आईने, म्हणजे माझ्या थोरल्या काकूने, दिवाळी मळ्यातल्या घरी करायची असे जाहीर केले. मळा राधानगरीच्या पुढे, दाजीपूरच्या अलीकडे. काकूचे वय एकोणऐंशी. मणक्याचे दुखणे जुने. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली, पण धक्के बसता कामा नयेत, हे त्यांनी तीनदा सांगितले. राधानगरीपर्यंत प्रश्न नव्हता. प्रश्न शेवटच्या चार किलोमीटरांचा होता. तुम्ही म्हणाल, हल्ली छान छान जीपगाड्या निघाल्या आहेत, एखादी भाड्याने घ्यावी. खरे आहे. २०२० साली निघालेल्या थारला तर पाटे मुळीच नाहीत. चारही चाकांना वळ्यावळ्यांच्या स्प्रिंगा आहेत. पण मळ्याच्या वाटेवर एके ठिकाणी दोन्ही अंगांना दगडी गडगे आहेत, आणि त्यांच्यामधून बासष्ट इंच रुंदीची आमची पाव टनी ट्रकच जेमतेम जाते. थार तिच्याहून वीतभर रुंद.

तेव्हा आमचीच जीप. पण तिच्यात एक अडचण होऊन बसली होती. उन्हाळ्यात ती पुढून दबल्यासारखी दिसत होती म्हणून एका गॅरेजवाल्याने दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवून दिला होता. गाडीने मान वर केली, हे खरे. पण ती फळीसारखी ताठ झाली. ब्रेक मारला की डावीकडे ओढही घेऊ लागली. काकूला तिच्यातून रंकाळ्यापर्यंत फिरवून आणले, तर ती उतरताना म्हणाली, “यापेक्षा छकडा बरा होता रे. त्यात निदान गवत तरी घालायचे.”

अण्णाने मग गाडी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. कॉलेजला सुट्टी लागलेली, म्हणून मीही गेलो. मिस्त्री साठीच्या पुढचे. त्यांनी गाडीचे बॉनेट उघडले नाही. ते पुढच्या बंपरावर पाय देऊन उभे राहिले, दोनदा उठाबशा काढल्यासारखे केले आणि खाली उतरले. गाडी जेमतेम एक बोट हलली असेल.

“हिला पाटा घालाय कुणी सांगितलं?” त्यांनी विचारले.

“पुढून बसली होती,” अण्णा म्हणाला.

“बसली हुती ते खरं. पर का बसली ते बघाय नको?”

पुढचे दोन दिवस मी तिथल्या एका उलट्या टायरवर बसून जे पाहिले, ते मला एखाद्या जुन्या पोथीचे संपादन पाहण्यासारखे वाटले. मागच्या चाकांना दगड लावले. मग जॅकने गाडी उचलून तिच्या चासीखाली लोखंडी घोड्या दिल्या. घोडी आसाखाली द्यायची नाही. चासीखाली दिली म्हणजे आस लोंबता राहतो आणि पाट्यांवरचा ताण उतरतो. चाके काढली, सगळ्या बोल्टांवर तारेचा ब्रश फिरवला, डिझेल सोडले आणि मिस्त्री चहाला गेले. डिझेलला मुरायला वेळ द्यावा लागतो. घाई करून पाना लावणारा माणूस बोल्ट सोडवत नाही, मोडतो, असे त्यांचे म्हणणे.

जीपच्या पुढच्या पाट्यांची मागची टोके चासीला एकेका बोल्टावर टांगलेली असतात, आणि पुढची टोके शॅकलमध्ये. पाटा सरळ झाला की लांब होतो. त्या लांबीला कुठे तरी जागा हवी, म्हणून शॅकल झुलते ठेवतात. या गाडीतले शॅकल म्हणजे इंग्रजी ‘यू’सारखा वाकवलेला दांडा. त्याच्या दोन्ही पायांना आटे पाडलेले, आणि त्यांवर आट्यांचेच बुश. काही शॅकलांना उलटे आटे असतात. ते ओळखायचे कसे? उलट्या आट्याच्या बुशाच्या डोक्याभोवती एक बारीक खाच कोरलेली असते, आणि शॅकलच्या अंगावर एक लहानसा उंचवटा. ऐंशी वर्षांपूर्वी परदेशात कुणी तरी ती खूण करून ठेवली, आणि उद्यमनगरातल्या एका माणसाने काजळीखाली बोटाने चाचपून ती वाचली. मिस्त्रींचा धाकटा पोरगा पान्याला जोर लावून लाल झाला होता. ते त्याला म्हणाले, “बळ लावू नगंस, खूण बघ.” माझ्या वर्गात हे वाक्य मी निराळ्या शब्दांत वीस वर्षे सांगत आलो आहे, इतके थोडक्यात मला कधी जमले नाही.

पाटे खाली आले. दोन्ही जुड्यांवर खडूने ‘डा’ आणि ‘उ’ लिहिले गेले, कारण लढाईच्या जीपचा डावा पाटा आणि उजवा पाटा सारखा नसतो. (डावीकडे मूळ रचनेत खालून आणखी एक जोडपाटा असतो, आसाला पीळ बसू नये म्हणून. तो आमच्या गाडीवरून कधीच गहाळ झाला आहे.) मग जुडी शिकंज्यात घट्ट धरून मधला बोल्ट सोडला. शिकंजा नसेल तर हे काम करू नये. दाबून बसवलेले पाटे सुटताना उसळी मारतात. एकेक पाटा वेगळा झाला तेव्हा गाडी ताठ का झाली, ते मलाही दिसले. मधल्या सगळ्या जागेत गंज. पाटे एकमेकांवर सरकायचे सोडून एकमेकांना धरून बसले होते. आणि वाढवलेला तो नववा पाटा! त्याचा बाक बाकीच्यांशी जुळतच नव्हता. तो आपल्या दोन टोकांवर टेकून मधल्यांना नुसता रेटत होता. मिस्त्रींनी तो उचलून भंगारात टाकला, त्याचा आवाज मोठा झाला आणि अण्णाचा चेहरा लहान.

पण खरी गोष्ट पुढेच होती. डाव्या जुडीतला मुख्य पाटा मिस्त्रींनी डिझेलने पुसला, कोरडा केला, त्यावर खडू घासला आणि हातोडीने हलके हलके ठोकला. पांढऱ्या खडूवर, मधल्या बोल्टाच्या भोकापासून कडेकडे, केसासारखी एक काळी रेघ उमटली. तड होती. तिच्यात शिरलेले डिझेल ठोकल्याबरोबर बाहेर आले होते. यू-बोल्ट सैल राहिले की पाटा नेमका त्या भोकापाशी पुन्हा पुन्हा वाकतो आणि तिथेच चिरतो, असे त्यांनी सांगितले. मधला बोल्टही निम्मा झिजलेला निघाला. आस तेवढा मागे सरकलेला. डावीकडची ओढ त्यामुळे.

त्या दिवशी वसुबारस दोन दिवसांवर आली होती.

“वेल्डिंग मारून घ्या, मिस्त्री,” अण्णा म्हणाला. “दिवाळीपुरतं चालवू. नंतर नवीन घालू.”

“चिकटंल ओ वेल्डिंगनं. पर पाणी उतरंल त्याचं.”

पोलादाला पाणी देतात, ते तापवून विझवून त्याला लवण्याची ताकद आणण्यासाठी. वेल्डिंगच्या आचेने ती ताकद जाते. पाटा दिसतो अखंड, पण मनातून तुटलेला. आणि मुख्य पाट्याची गोष्ट निराळी असते. बाकीचे सात नुसते वजन पेलतात. चासीला धरणारे डोळे फक्त या एकालाच. दुसरा कुठला तुटला तर गाडी खाली बसते; हा तुटला तर पुढचे चाकच आपली जागा सोडते.

अण्णा चिडला. दुसरीकडे तासाभरात वेल्डिंग करून देतात, म्हणाला. “मग तितं न्या,” मिस्त्री शांतपणे म्हणाले, “माझ्या हातानं न्हाई हुणार.” अण्णाने रागारागाने घरी फोन लावला आणि सगळी हकिकत आईला ऐकवली; फोन मोठ्या आवाजावर होता, त्यामुळे आम्हा सर्वांना ऐकू येत होते. काकूने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाली, “मिस्त्रींना विचार, वेल्डिंग केलं तर ते स्वतः बसतील का त्या गाडीत?”

मिस्त्रींनी फोनकडे पाहून मान हलवली. मग ती दिसणार नाही हे लक्षात येऊन मोठ्याने म्हणाले, “न्हाई बसणार, आक्का.”

“मग मीही नाही,” काकू म्हणाली. “भाऊबीजेला जाऊ. मळा काही पळून जात नाही.”

नवा मुख्य पाटा एका पाटेवाल्याच्या भट्टीवर झाला. टोके लाल करून त्यांचे डोळे वळले, पाणी दिले. बाकीच्या सात पाट्यांना घणाने ठोकून पुन्हा बाक आणला. तारेच्या ब्रशाने गंज उतरवून मध्ये ग्राफाइटचे ग्रीस पुसटसे लावले. फार लावले तर पाटे इतके सहज सरकतात की गाडी उड्या मारत राहते. यू-बोल्ट नवे. ते आवळताना एकदम एक बाजू नाही. समोरासमोरचे नट, थोडे थोडे, आळीपाळीने, आणि शेवटचा दाब गाडी चाकांवर उतरल्यानंतर. शॅकलमध्ये ग्रीसगन लावली, तेव्हा आधी काळे, मग करडे आणि शेवटी नवे पिवळे ग्रीस बाहेर आले. तोवर मिस्त्री थांबले नाहीत.

नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी गाडी मिळाली. मिस्त्री पुन्हा बंपरावर उभे राहिले. गाडी चांगली चार बोटे खाली गेली, वर आली आणि थांबली.

भाऊबीजेच्या सकाळी आम्ही निघालो. काकू पुढे, उजव्या हाताला. राधानगरीनंतर उतारावर अण्णाने ब्रेक मारला. गाडी सरळ उभी राहिली. गडग्यांच्या खिंडीत डावे चाक एका उघड्या धोंड्यावर चढले. मी मागच्या बाकावरून काकूच्या पाठीकडे पाहत होतो. तिचे डोके सावकाश एका अंगाला झुकले आणि सावकाश जागेवर आले, पाळण्यातल्या मुलासारखे. तिने मागे वळून विचारले, “आजोबांचा आंबा आहे का रे अजून त्या बांधावर?” मणक्याविषयी ती काही बोलली नाही. मळ्यात तिने चार दिवस काढले आणि दोनदा शेजारच्या वस्तीवर जाऊन आली, त्याच गाडीतून.

दोनशे किलोमीटर झाले की गाडी परत आणा, असे मिस्त्रींनी बजावले होते. नवे पाटे एकमेकांवर बसतात आणि यू-बोल्ट सैल पडतात. आठवड्याने नेली. बहुतेक नट पाव-पाव आटा फिरले. डावीकडचा आतला मात्र अर्धा फिरला. मिस्त्रींनी त्यावर खडूने खूण केली आणि म्हणाले, “शिमग्याला आक्कांना न्येणार असाल, तर आदी ह्यो एकदा दाखवून जावा.”