मगरिबच्या आत

पुण्या-मुंबईचे नातलग भेटले की प्रश्न ठरलेला असतो, "ताडोबा तुमच्या दारात, म्हणजे दर आठवड्याला वाघ बघत असाल!" चंद्रपूरच्या नोकरदार घराला जिप्सीचे भाडे, गाईडची फी आणि प्रवेशशुल्क दर आठवड्याला परवडत नाही, हे त्यांना कसे सांगायचे? त्यात मंगळवारी ताडोबा बंद, पावसाळ्याचे तीन महिने कोअर बंद. म्हणून मुले शिकायला बाहेरगावी गेल्यावर आम्ही दोघांनी वाघाचा नाद सोडला आणि पाण्याचा धरला. आमच्या दोन जिल्ह्यांना समुद्र नाही, पण काठांची कमी नाही. इरईचे धरण, जुनोन्याचा तलाव, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी. शनिवारी डबा बांधायचा, चटई आणि जानमाज गाडीत टाकायची, निघायचे.

सुरुवातीला मोहल्ल्यात कुजबुज झाली. लग्न नाही, मयत नाही, कुणाकडे दावत नाही, मग हे दोघेच कुठे जातात? आपल्याकडे बाईचे फिरणे म्हणजे माहेर, लग्नकार्य किंवा दवाखाना. मी एका खालाजानला हजरत आयेशा (रजि.) यांची आठवण करून दिली. प्रवासात रसूलुल्लाह (स.) यांनी त्यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती. आधी हजरत आयेशा जिंकल्या, पुढे कधीतरी पुन्हा शर्यत झाली तेव्हा हुजूर (स.) जिंकले. खालाजान हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघे आता धावू नका, गुडघे सांभाळा." त्यानंतर कुणी काही विचारले नाही.

जवळचा काठ इरईचा. चंद्रपूर शहराचे पिण्याचे पाणी इथलेच, औष्णिक वीजकेंद्रही याच पाण्यावर चालते. मोहर्लीच्या बाजूला त्याचे पाणी थेट जंगलाला भिडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथे उत्तरेकडून पाहुणे पक्षी उतरतात. केशरी अंगाचे चक्रवाक जोडीजोडीने बसतात. आमचे हे दुर्बीण माझ्या हातात देत म्हणतात, "बघ, यांचीही मुले शिकायला गेली वाटते." डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राजहंस हिमालय ओलांडून येतात. चिवडा खात त्यांच्याकडे पाहताना आपल्याला जिना चढून दम लागतो याची जरा लाज वाटते. जुनोन्याचा तलाव शहरापासून आणखी जवळ, गोंड राजांच्या काळातला. वनविभागाने जिथवर जाऊ दिले आहे तिथवरच जायचे. काठच्या ओल्या चिखलात चितळांचे खूर उमटलेले असतात, आणि कधी त्यांच्यामागून मोठ्या पंजाचेही ठसे.

एक नियम आम्ही कधीच मोडत नाही. मगरिब घरी. असर काठावर पढायची आणि लगेच चटई गुंडाळायची. हिवाळ्यात सूर्य जिथे बुडतो त्याच्या बराच उजवीकडे किब्ला येतो, हेही इथेच नीट लक्षात आले. लहानपणी अम्मी दिवेलागणीला आम्हाला हाका मारून घरात घ्यायची. अंधार पडताना मुलांना आत घ्या, असे हदीसमध्येच आहे. जंगलालगतच्या गावांत हाच नियम मोठ्यांनाही लागू असतो. उन्हाळ्यात पाणी थोडे उरते आणि ती वेळ पाण्यावर येणाऱ्या जनावरांची असते.

पण आम्ही निघून येऊ शकतो. एप्रिलमध्ये पहाटेच्या अंधारात मोहफुले वेचणाऱ्या बाईला तो पर्याय नसतो. उशीर केला तर फुले गुरे खातात, दुसरे कुणी वेचतात. मेमध्ये पारा पंचेचाळिशीच्या वर असतो, म्हणून तेंदूपत्ताही ऊन चढायच्या आत तोडावा लागतो. वाकून काम करणारी बाई वाघाला माणूस वाटत नाही, असे जाणकार सांगतात. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ते वाचल्यापासून वाघ दिसला नाही म्हणून आम्ही हळहळत नाही. वाटेत मोहफुलांच्या टोपल्या घेतलेल्या बाया दिसल्या तर हे गाडी हळू करतात. टोपल्या डोक्यावर आहेत, म्हणजे आज सगळ्या परतल्या.

हिवाळ्यात एकदा तरी लांबची सफर होते, सिरोंच्याची. फजरनंतर निघायचे. गोंडपिपरीवरून आष्टीला वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. तिथून जवळच चपराळ्याच्या जंगलाशी वर्धा आणि वैनगंगा मिळतात आणि नदीचे नाव प्राणहिता होते. आलापल्लीपुढचा रस्ता खड्ड्यांसाठी वर्षानुवर्षे प्रसिद्ध आहे, मऊ उशी न्यावी. वाटेत आत वळले की कमलापूरचा हत्ती कॅम्प. वनविभागाचे हे हत्ती पूर्वी सागाचे ओंडके ओढायचे. आता ते जंगलात चरतात आणि तलावात डुंबतात. काठावर बसून हत्तींची आंघोळ बघण्यात तास कसा जातो कळत नाही. फोटोसाठी जवळ मात्र जाऊ नये.

सिरोंचा म्हणजे महाराष्ट्राचे टोक. इंग्रजांच्या काळात हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते, आज बाजारात मराठीपेक्षा तेलुगू जास्त कानावर पडते. गावाच्या पश्चिमेला प्राणहिता, पलीकडे तेलंगणातले कालेश्वरम, तिथेच ती गोदावरीला मिळते. खाली मेडीगड्डा बॅरेज. 2019 मध्ये त्याचे उद्घाटन झाले, ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचे काही खांब खचले. मधल्या काळात त्याच्या फुगवट्याचे पाणी या काठच्या शेतांत घुसले. पाणी पलीकडच्या राज्याला, चिखल आपल्याला, ही इथल्या शेतकऱ्यांची तक्रार मला रास्त वाटते.

जेवणाला झिंगे मिळाले तर आमच्या घरचा जुना वाद निघतो. झिंगा मासा की नाही, यावर हनफी उलेमांमध्येच मतभेद आहेत. हे खात नाहीत, मी खाते. वाद माझ्या ताटातले झिंगे संपेपर्यंतच चालतो.

चंद्रपूर इथून दोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आम्ही शरई मुसाफिर. इरईच्या काठी असरच्या चार रकात पढाव्या लागतात, इथे दोनच. हे पुढे, मी मागे, आणि किब्ल्याच्या बाजूला प्राणहितेचे रुंद पात्र. सलाम फेरला तेव्हा एक डोंगा पलीकडच्या काठाला लागत होता.