गर्दींत बिघडणारी तार

तर्कशास्त्र शिकविण्यांत आमच्या आयुष्याचीं सव्वीस वर्षें गेलीं आहेत. अन्वय आणि व्यतिरेक यांचीं उदाहरणें फळ्यावर लिहून आमचीं बोटें खडूनें पांढरीं झालीं. परंतु तोच व्यतिरेक एके दिवशीं प्रत्यक्ष समोर येऊन उभा राहिला, तेव्हां आम्हांला त्याची ओळख पटली नाहीं. ही हकीकत आम्हांला भूषणावह नाहीं. तरी ती वाचकांपुढें ठेवावी असें वाटतें.

आमच्या महाविद्यालयाच्या मुख्य इमारतीपासून ग्रंथालयापर्यंत, आवाराच्या भिंतीच्या कडेनें, एक तार गेलेली आहे. ग्रंथालयांतील वीस संगणकांचा बाह्य जगाशीं असलेला सर्व व्यवहार या एका तारेवरून चालतो. परीक्षांचे आणि शिष्यवृत्तींचे अर्ज आतां संगणकावरच भरावे लागतात, आणि ज्यांच्या घरीं तशी सोय नाहीं अशीं खेड्यापाड्यांतील मुलें त्यासाठीं येथें येतात. २०२२ सालच्या पावसाळ्यांत या तारेनें एक विलक्षण खोड धरिली. एरव्हीं तिचें काम सुरळीत चाले. परंतु अर्जांची मुदत संपत आली आणि खोली मुलांनीं भरली, कीं पडद्यावरील चक्र नुसतें फिरत राही आणि भरलेला अर्ज पुढें सरकत नसे.

या संगणकांची देखरेख एका अबोल सहायकाकडे होती. त्याला आम्हीं कारण विचारलें, तेव्हां तो इतकेंच म्हणाला, "सर, गर्दी झाली कीं लाईन मरते. गर्दी ओसरली कीं आपोआप जिवंत होते."

संगणक-समितीचे अध्यक्ष या नात्यानें आम्हांला हें उत्तर उडवाउडवीचें वाटलें. त्याच दिवशीं सायंकाळीं, सारीं मुलें गेल्यावर, आम्हीं स्वतः परीक्षा घेतली. पिंग म्हणून एक साधन असतें. त्यानें पलीकडच्या यंत्राला लहानशी हांक मारावयाची आणि तें ओ देतें कीं नाहीं हें पाहावयाचें. आम्हीं शंभर हांका मारिल्या; शंभरांनाहि ओ मिळाली. तार निर्दोष आहे, अर्थात् दोष माणसाचा आहे, असा सिद्धांत आम्हीं बांधला, आणि त्या सहायकाला निष्काळजीपणाबद्दल लेखी समज दिली. त्यानें कागदावर सही केली आणि तो कांहीं न बोलतां निघून गेला.

पुढें दोन महिन्यांनीं आमचा एक जुना विद्यार्थी, जो आतां हाच व्यवसाय करितो, सहज भेटीस आला. आम्हीं त्याला तार दाखविली. त्यानें पिंगला हातहि लाविला नाहीं. तारेच्या दोन्ही टोकांना असलेल्या स्विचांत चुकांची मोजणी होत असते. ते आंकडे त्यानें प्रथम शून्यावर आणिले. मग दोन मोठ्या फायली एकाच वेळीं, एक इकडून तिकडे आणि दुसरी तिकडून इकडे, पाठवावयास लाविल्या. पाहतां पाहतां आंकडे वाढूं लागले. त्यानें तार बदलून पाहिली. तरी ते वाढतच राहिले. "तार चांगली आहे, सर," तो म्हणाला. "दोन्ही टोकांची आपसांत समजूत नाहीं."

त्याचें म्हणणें आम्हांला उमगलें तें असें. संदेश या तारेवरून लहान लहान चौकटींत तुकडे होऊन जातो. प्रत्येक चौकटीच्या शेवटीं, व्यापारी हिशेबाचा ताळा लिहितो तसा, बत्तीस बिटांचा एक ताळा असतो. घेणारें यंत्र तो पुन्हां काढून पाहतें, आणि जुळला नाहीं तर ती चौकट निमूटपणें टाकून देतें. ही युक्ति पीटरसन नांवाच्या गणितज्ञानें १९६१ सालीं मांडली. आतां, बोलण्याच्या रीति दोन आहेत. एका रीतींत दोन्ही पक्ष एकाच वेळीं बोलूं व ऐकूं शकतात. दुसरींत एकानें बोलावें तेव्हां दुसऱ्यानें थांबावें, आणि दोघे एकदम बोलले तर टक्कर झाली असें समजून आपलें बोलणें अर्धवट सोडावें. कोणती रीति पाळावयाची हें यंत्रांनीं आपसांत विचारून ठरवावें, असा नियम १९९५ सालच्या मानकांत घातला गेला. परंतु एका टोकानें आपली रीति हटवादीपणानें कायम करून हें विचारणेंच बंद केलें, तर दुसऱ्याला त्याचा वेग तेवढा ओळखतां येतो, रीति ओळखतां येत नाहीं. मग तें नियमाप्रमाणें थांबून बोलण्याची रीति धरतें. आमच्या येथें नेमकें हेंच झालें होतें. मुख्य इमारतीचें टोक न थांबतां बोले आणि ग्रंथालयाचें टोक त्यालाच टक्कर समजून आपलें वाक्य अर्ध्यावर तोडी. पिंगची हांक लहान आणि एकेकटी. तींत दोघांनीं एकदम बोलण्याचा प्रसंग क्वचितच येतो. वीस मुलें एकदम अर्ज पाठवूं लागलीं, म्हणजे तो प्रसंग क्षणोक्षणीं येतो.

"पण मुख्य इमारतीचें टोक असें पक्कें कोणीं करून ठेविलें?" आम्हीं विचारलें. जुनी फाईल काढली. २०११ सालच्या एका टिपणांत लिहिलें होतें, कीं यंत्रांनीं आपोआप ठरविण्याची पद्धत बेभरंवशाची असल्यामुळें ही योजना हातानें कायम करावी. त्या वेळीं दोन्ही टोकें तशींच केलीं होतीं, म्हणून दहा वर्षें कांहीं बिघडलें नाहीं. २०२१ सालीं ग्रंथालयाचा स्विच नवा आला, तो विचारून ठरविणारा होता. टिपणाखालीं सही आमचीच होती.

दोन्ही टोकें विचारून ठरविण्याच्या रीतीवर आणण्यास पांच मिनिटें लागलीं. मग पुन्हां त्याच दोन फायली दोहोंकडून सोडल्या. आंकडे शून्यावरून हलले नाहींत.

गर्दी असतां दोष, गर्दी नसतां दोषाचा अभाव: यालाच आम्ही वर्गांत अन्वय-व्यतिरेक म्हणतों. तो सहायकानें दोन वाक्यांत सांगितला होता. आम्हीं मात्र परीक्षा घेतली ती नेमकी गर्दी नसतांना, आणि तिच्यावरून निकाल दिला.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं ती लेखी समज परत घेतल्याचें पत्र तयार केलें आणि तें घेऊन स्वतः ग्रंथालयांत गेलों. तेथें ग्रंथपालांकडून आणखी एक गोष्ट कळली. मुदतीच्या शेवटच्या दिवशीं एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धवट टाकून, शेवटची एस्. टी. चुकेल म्हणून रडत निघून गेली होती. त्या रात्रीं सहायक दहा वाजेपर्यंत थांबला, आणि खोली रिकामी झाल्यावर, तिला फोनवर एकेक गोष्ट विचारून त्यानें तिचा अर्ज पुरा केला. ज्या आठवड्यांत आम्हीं त्याला निष्काळजी ठरविलें, त्याच आठवड्यांतील ही गोष्ट.

आम्हीं पत्र त्याच्या हातीं दिलें आणि चूक आमची होती असें सांगितलें. त्यानें तें वाचून घडी घालून खिशांत ठेविलें. "बरें झालें, सर," तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यांत परीक्षेचे अर्ज सुरू होणार आहेत."