आधी जरा आवळ!

कांजूरमार्ग हे काही प्रवासवर्णनाचे गाव नव्हे. तेथे लेणी नाहीत, थंड हवा नाही, की पर्यटकांनी फोटो काढावेत असे काही नाही. मध्य रेल्वेवर विक्रोळी आणि भांडुप यांच्या मधोमध हे स्टेशन आहे आणि जलद गाडी तेथे थांबण्याचे कष्ट घेत नाही. मी मुलुंडचा रहिवासी. कॉलेजला जाता-येता हे स्टेशन हजारो वेळा डोळ्यांसमोरून गेले; पण तेथे उतरावे असे काही मला कधी वाटले नव्हते.

वास्तविक आमचे वडील, अण्णा, तेथल्याच एका कारखान्यात बत्तीस वर्षे फिटर होते. त्यांच्या पगारावर मी एम. ए. झालो, मराठीचा प्राध्यापक झालो. पण फिटर दिवसभर नेमके करतो काय, हे मी त्यांना एकदाही विचारले नाही. भाषेच्या प्राध्यापकाला हे कितपत शोभते, ते वाचकांनीच ठरवावे.

मला कांजूरमार्गला उतरवले ते आमच्या मोटारीने. ‘मोटार’ हा शब्द मोठा झाला. ती एक जुनी प्रीमियर पद्मिनी आहे, अण्णांनी १९९३ साली दुसऱ्याच्या हातची घेतलेली. हिचा जन्म कुर्ल्याचा. वालचंद हिराचंदांच्या उद्योगसमूहाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली आणि १९६४ पासून तेथे ‘फियाट ११०० डिलाइट’ तयार होऊ लागली. तीच पुढे पद्मिनी झाली. आता कारखान्याच्या जागी वसाहत उभी आहे. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपातली शेवटची पद्मिनीही ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली.

आमची मात्र त्याआधीच निवृत्त झाली होती. सहा वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर अण्णांनी गाडीची किल्ली कपाटात ठेवली आणि बोलणेही जणू तिच्याबरोबरच कुलूपबंद केले. ‘जेवलात का?’ ‘हो.’ ‘बरं वाटतंय ना?’ ‘हो.’ एवढाच आमचा संवाद. त्यातच त्यांच्या हाताला कंप सुटला. गाडी इमारतीच्या आवारात ऊन-पाऊस खात उभी राहिली आणि एके दिवशी सोसायटीची नोटीस आली : महिन्याच्या आत गाडी हलवा, नाहीतर भंगारवाल्याला बोलावू. अण्णांनी ती वाचली, नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवली. बोलले काहीच नाहीत.

मग मीच बाह्या सरसावल्या. सायलेन्सर लोंबकळत जमिनीला टेकला होता; तो काढल्याशिवाय गाडी ओढून नेता येईना. मी पाना आणला, त्याला जोर यावा म्हणून लांब नळी जोडली आणि सगळा भार टाकला. कट्‌ असा आवाज झाला. मला वाटले, सुटला! पाहतो तो बोल्टाचे डोके तुटून बाजूला पडले होते. दुसऱ्याचे कोपरे गोल झाले. वर पाहिले, तर अण्णा गॅलरीत उभे. ते मुकाट्याने आत गेले.

अखेर सायलेन्सर तारेने वर बांधला आणि गाडी टोचनमागे कांजूरमार्गला निघाली. लालबहादूर शास्त्री मार्गाच्या, म्हणजे जुन्या आग्रा रोडच्या आसपास अण्णांच्या ओळखीच्या एका मिस्त्रींचे गॅरेज आहे. हाच रस्ता कुर्ल्यावरून येतो आणि मुलुंडवरून पुढे ठाण्याला जातो. जेथे गाडी जन्मली आणि जेथे ती म्हातारी झाली, त्या दोन्ही ठिकाणांच्या मधोमध तिचा दवाखाना!

मिस्त्रींनी तुटलेला बोल्ट पाहिला आणि विचारले, “सर, कुणी केलं हे?” मी अपराधी चेहऱ्याने अण्णांकडे पाहिले. अण्णांनी, काय आश्चर्य, किंचित हसून घेतले.

मिस्त्री म्हणाले, “आमच्याकडे खारी हवा. पूर्वेला खाडीपर्यंत मिठागरं. इथं लोखंड लवकर म्हातारं होतं.” त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. लोखंडाला पाणी आणि हवेतला प्राणवायू मिळाला की गंज धरतो. त्यात मीठ असले तर पाण्यातून वीज सहज वाहते आणि हे काम अधिक वेगाने होते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये केसाएवढी फट असते. तीत तो पाचरीसारखा ठासून बसतो. अशा वेळी नुसती ताकद लावली की गंज जागेवर राहतो आणि बोल्ट मोडतो.

मिस्त्रींनी तारेच्या ब्रशने आटे घासले आणि रॉकेलात थोडे तेल मिसळून त्यावर सोडले. शेजारीच त्या प्रसिद्ध ‘डब्ल्यूडी-४०’चा निळा-पिवळा डबा होता. हे रसायन १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीत तयार झाले. पाणी हटवणारे मिश्रण करण्याचे एकोणचाळीस प्रयत्न फसले, चाळिसावा साधला, म्हणून नावात चाळीस. मिस्त्रींचा विश्वास मात्र रॉकेलाच्या बाटलीवर. “आता उद्या या,” ते म्हणाले. मी म्हटले, “आजच नाही का होणार?” ते म्हणाले, “तेलाला आत शिरायला वेळ द्या की, सर.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अण्णा स्वतःहून तयार होऊन बसले होते. गॅरेजात गाडीखाली खड्डा आहे. त्यात मी उतरलो. अण्णा काठावर स्टुलावर बसले. मिस्त्रींनी बोल्टावर हातोडीचे हलके ठोके दिले आणि माझ्या हाती रिंगचा पाना ठेवला. हा सहाही बाजूंनी नटाला धरतो, म्हणून कोपरे झिजत नाहीत. मी पाना डावीकडे फिरवणार, इतक्यात वरून आवाज आला :

“आधी जरा आवळ!”

कित्येक महिन्यांत अण्णांनी आपणहून उच्चारलेले ते पहिले वाक्य.

“सोडवायचाय ना, अण्णा?”

“म्हणूनच. केसभर आवळ. गंजाचा थर तडकतो. मग सोडव. आपल्याला गंज मोडायचाय, बोल्ट नाही.”

मी केसभर आवळला. करकर असा बारीक आवाज झाला. मग उलट फिरवला. पाव वळसा सुटला. “थांब. परत आवळ, तेल सोड, मग पुढं जा.” असे मागेपुढे करत, चष्म्यावर रॉकेलाचे थेंब झेलत, वीस मिनिटांनी तो बोल्ट अखंड माझ्या तळहातावर आला. एम. ए.चा निकाल लागला तेव्हाही मी इतका खूश झालो नव्हतो.

“आणि एवढं करूनही नाही सुटला तर?” मी विचारले.

“मग शेगडी. तापवला की नट फुगतो आणि पकड सोडतो. पण पेट्रोलच्या टाकीजवळ आग न्यायची नाही.” आणि मग अण्णा बोलतच राहिले. कारखान्यात जाम झालेला बोल्ट असला की त्यांनाच बोलावणे येई. पाळी संपताना ते तेल सोडून घरी येत आणि सकाळी जाऊन सोडवत. “रात्री यायचो तेव्हा तू अभ्यास करत असायचास,” ते म्हणाले. “तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही.”

यावर मला काही बोलता आले नाही. मी खाली वाकून दुसऱ्या बोल्टावर तेल सोडू लागलो.

परतताना धीम्या गाडीत जागा मिळाली. भांडुप आले तसे अण्णा म्हणाले, “तुझी आई पुढच्या सीटवर बसली की सारखी म्हणायची, सावकाश चालवा.” सहा वर्षांत त्यांनी आईचा विषय प्रथमच काढला होता. मुलुंड येईपर्यंत तोच विषय चालू होता.

गाडी अजून सुरू झालेली नाही. माझ्या पराक्रमाने तुटलेला बोल्ट तर अजून तसाच आत रुतून बसला आहे. पण दर रविवारी आम्ही दोघे कांजूरमार्गला उतरतो. तो सोडवलेला बोल्ट अण्णांनी रॉकेलात धुऊन, कागदात गुंडाळून कपाटात ठेवला आहे, किल्लीच्या शेजारी.