शुभ्र पाकळ्या, काळा लोहस्तंभ

दिल्ली पाहावयास आलेले कुटुंब कालकाजीचे कमळमंदिर पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. १९८६ साली पूर्ण झालेल्या या बहाई उपासनागृहाच्या २७ पाकळ्या ग्रीसच्या संगमरवराने मढविलेल्या आहेत. दुपारच्या उन्हात त्यांच्याकडे पाहताना डोळे दिपतात. परंतु घरी येऊन छायाचित्रे पाहावीत, तर तोच संगमरवर राखाडी, मळकट!

वाचकहो, यात संगमरवराचा दोष नाही. कॅमेऱ्यातील प्रकाशमापकास काळेपांढरे कळत नाही. समोरची प्रत्येक वस्तू मध्यम करड्या छटेची आहे, असे तो धरून चालतो. शुभ्र पाकळ्या दिसताच त्याला प्रकाश फार झाला असे वाटते, तो हात आखडता घेतो आणि चित्र काळवंडते. यास्तव मापक सांगेल त्याहून एक ते दीड स्टॉप प्रकाश अधिक द्यावा. अथवा त्याच उन्हातील हिरवळीवर माप घेऊन ते कायम ठेवावे आणि मग कॅमेरा मंदिराकडे वळवावा. हिरवळीची छटा बहुधा मध्यमच असते. मोबाइलवर मंदिराच्या चित्रावर बोट टेकवून उजेड किंचित वाढविला, तरी काम भागते. मात्र अतिरेक झाला, तर पाकळ्यांवरील दगडांचे सांधे पुसले जातात आणि ते मागाहून परत आणता येत नाहीत.

मेहरौलीस कुतुबमिनाराजवळचा लोहस्तंभ याच्या अगदी उलट. सुमारे ७ मीटर उंचीच्या या गुप्तकालीन स्तंभास सुमारे १६०० वर्षांत गंजाने खाल्लेले नाही. मापक मात्र क्षणात त्याचे रूप पालटतो! स्तंभाच्या काळसर अंगाने चौकट भरली, की प्रकाश वाढतो आणि लोखंड फिकट दिसू लागते. येथे एक स्टॉप कमी करावा. दुरून, उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर चित्र घेताना मात्र मापक आकाशास भुलतो आणि स्तंभाची नुसती काळी आकृती उरते. तेव्हा प्रकाश वाढवावा लागतो.

खरी कसोटी दिल्लीतील मराठी घरांत, संक्रांतीला. बोरन्हाणाच्या बाळाचे झबले काळे आणि अंगावर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने! अशा वेळी बाळास खिडकीपाशी, थेट ऊन पडणार नाही असे बसवावे. माप झबल्यावर नव्हे, हलव्यावरही नव्हे, तर बाळाच्या गव्हाळ गालावर घ्यावे. हलव्याचा काटा चित्रात स्पष्ट उमटला, की दुसरे चित्र घेण्याची घाई नको; तोवर बाळाने एखादा दागिना तोंडात घातलेला असतो.