आडनाव नसलेला हिरो

परवा संध्याकाळी पुतणी लॅपटॉप घेऊन दुकानात आली. कॉलेजला सुट्ट्या, वैजापुरात करायचं काय, म्हणून सगळा मुक्काम गेममध्ये. म्हणाली, "काका, कोण घेऊ सांगा ना. अर्धा तास झाला, ठरतच नाहीये."

गेम होता बाल्डर्स गेट ३. लॅरियन स्टुडिओने २०२३ साली काढलेला. सुरुवातीलाच विचारतात की बाबा, तू कोण? तयार पात्रं आहेत. रक्तपिपासू अ‍ॅस्टेरियन आहे, गेल नावाचा मांत्रिक आहे, कार्लाक आहे. प्रत्येकाला आपला भूतकाळ, आपली दुखणी. नाहीतर मग कोरी पाटी घ्या, नाक-डोळे-केस स्वतः निवडा, हवं ते नाव द्या.

मी काहीतरी उत्तर दिलं असतं, पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. रात्री मात्र तो प्रश्न डोक्यात घोळत राहिला. कारण हाच वाद मी पूर्वी एकदा घातला होता आणि त्यात मी हरलो होतो. हरलो हे कळायला मात्र बरीच वर्षं लागली.

माझा पक्ष आधीपासून तयार पात्राचा. विचर मालिकेतला गेराल्ट घ्या. पोलिश लेखक आंद्रे सापकोव्स्कीच्या कथांमधून आलेला माणूस. त्याचा आवाज, त्याची चीड, त्याची माणसं सगळं ठरलेलं. २०१५ सालच्या तिसऱ्या भागात तो सिरीला शोधत फिरतो, तेव्हा तो बाप म्हणून फिरतो, आणि खेळणारा नकळत बाप होतो. कोऱ्या पाटीला हे जमत नाही. तिला मुलगी कुठून आणणार? लेखकाला तुमच्याबद्दल काहीच माहीत नसतं, म्हणून गेममधली माणसं तुमच्याशी बेतानेच बोलतात, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी बोलावं तशी.

यावर गेमवाल्यांनी काढलेली एक जुनी युक्ती म्हणजे स्मृतिभ्रंश. १९९९ सालच्या प्लेनस्केप टॉर्मेंटचा नायक शवागारात जागा होतो आणि त्याला स्वतःचं नावही आठवत नाही. २००७ च्या पहिल्या विचरमध्ये गेराल्टचीही आठवण गेलेली. म्हणजे नायकालाही माहीत नाही, तुम्हालाही नाही, हिशेब बरोबर! आपल्या सिनेमातही डोक्याला मार लागला की कथानकाची सोय होतेच. असो.

आणखी एक मजेशीर तोडगा मास इफेक्टचा, तोही २००७ चाच. चेहरा तुम्ही घडवा, बाई की पुरुष ते ठरवा, पहिलं नावही तुमचं. आडनाव मात्र शेपर्ड, ते बदलता येत नाही. कारण साधं आहे. संवाद आधीच आवाजात रेकॉर्ड केलेले, त्यामुळे सगळ्यांनी हाक मारायला एक ठरलेलं नाव लागतं. गेममध्ये ते नुसतं सोयीचं. आपल्याकडे नाव कोणी फार विचारत नाही, "आडनाव काय?" हा पहिला प्रश्न. आणि उत्तर मिळालं की समोरच्याचं काम झालेलं असतं.

तर त्या वादाबद्दल. साल २०१०, तेव्हाचं औरंगाबाद, आमचं हॉस्टेल. खोलीत माझा असेंबल केलेला पीसी आणि ड्रॅगन एज ओरिजिन्स, आदल्याच वर्षी आलेला. भारनियमनाचे दिवस, त्यामुळे दर पाच मिनिटांनी सेव्ह करायची सवय. या गेमने मधला रस्ता काढला होता. चेहरा तुमचा, पण जन्म सहांपैकी एक निवडायचा. सरदाराच्या घरात जन्म घ्या, मांत्रिकांच्या मनोऱ्यात वाढा, शहराच्या कोंडवाड्यासारख्या वस्तीतले एल्फ व्हा, रानातले एल्फ व्हा, किंवा जमिनीखालच्या बुटक्या लोकांच्या राज्यात, ऑरझमारमध्ये, जन्माला या. तिथे राजपुत्र होता येतं किंवा जातीबाहेरचा.

हो, जातच. ऑरझमारमध्ये जाती आहेत, योद्ध्यांची, लोहारांची, व्यापाऱ्यांची. आणि जे कुठल्याच जातीत नाहीत, त्यांच्या चेहऱ्यावर जन्मतःच खूण गोंदतात. त्यांना कुठल्याही जातीचं काम करता येत नाही. शस्त्रांच्या स्पर्धेत उतरायची मुभा नाही. आपला नायक दुसऱ्याचं चिलखत चढवून गुपचूप उतरतो, जिंकत जातो, आणि ओळख उघडी पडली की थेट कोठडीत.

मी अर्थातच हाच जन्म घेतला. भारी वाटलं होतं. खोलीत ओरडून ओरडून सांगत होतो, काय लिहिलंय राव! माझा रूम पार्टनर मात्र कधीच तो जन्म घ्यायचा नाही. दर वेळी सरदाराचा मुलगा, कूसलँड घराण्याचा. नाव स्वतःचं टाकायचा. नोकरचाकर त्याला माय लॉर्ड म्हणायचे. राणी अनोराशी लग्न करून सिंहासनाशेजारी बसायची संधीही त्याच जन्माला, बाकीच्या पाचांना नाही. मी चिडवायचो, "लेका, किती साधा खेळतोस! दुसरं काहीतरी घे की, त्यात कस लागतो."

तो एकदा शांतपणे म्हणाला, "सुट्टीत घरी गेलो की तेच खेळतो मी. इथे पण तेच कशाला?"

मी हसण्यावारी नेलं. खरंच कळलं नव्हतं. माझं आडनाव सांगितलं की आमच्या भागात लोक खुर्ची पुढे सरकवतात. त्याचं ऐकलं की "अच्छा" म्हणून पाण्याचा विषय काढतात. पुढच्या वर्षी हॉस्टेल सोडून आम्ही खोली शोधायला निघालो. एका घरी मालकांनी चहा दिला, भाडं ठरलं, चावीसुद्धा टेबलावर आली. मग विचारलं, आडनावं काय? आधी मी सांगितलं. मग त्याने. मालक आत जाऊन आले आणि म्हणाले, भाच्याला द्यायचं ठरलंय, विसरलोच होतो.

मी काही बोललो नाही. चहाचा कप खाली ठेवला आणि चप्पल घातली. गेममध्ये पडद्यावर पाच उत्तरं दिसायची आणि मी नेहमी सगळ्यात खमकं निवडायचो. जिन्यात तो म्हणाला, "चल, ज्योतीनगरला एक बघू." बस.

कोरी पाटी लोकांना का हवी असते, हे मला तिथून हळूहळू कळत गेलं. मी समजत होतो की लोक आळशी, त्यांना लेखकाचं पात्र झेपत नाही. पण ज्याला बाहेर सगळे तयार पात्रच समजतात, ज्याचे संवाद तोंड उघडायच्या आधी ठरलेले असतात, त्याला दोन तास स्वतःचं नाक घडवण्यात किती सुख असेल! आणि मला दुसऱ्याच्या जन्मात जाऊन येण्याची चैन परवडत होती, कारण वीज गेली की मी माझ्याच जन्मात परत यायचो.

आमच्या तालुक्यात शिऊरला संत बहिणाबाईंची समाधी आहे. त्यांनी आपल्या आधीच्या बारा जन्मांची हकिगत मुलाला सांगितली, ती अभंगांत आहे. लहानपणी मला त्यातलं फक्त 'बारा' हे अप्रूप वाटायचं. आता वाटतं, पोरवयात बिजवराशी लग्न, तुकोबांना गुरू मानलं म्हणून नवऱ्याचा मार, असा ठरवून दिलेला जन्म जगणाऱ्या बाईने आधीचे बारा आठवून सांगावेत, यात नुसता चमत्कार नाही.

काल रात्री त्या मित्राला फोन केला. तो आता पुण्यात असतो. पुतणीचा प्रश्न सांगितला. म्हणाला, "तिला म्हणावं स्वतःची बनव." मग थोडं थांबून म्हणाला, "तो जातीबाहेरचा जन्म मी नंतर खेळलो होतो, माहितीये? नोकरी लागल्यावर. एकट्याने." कसा वाटला विचारलं, तर म्हणाला, "स्पर्धेपर्यंत खेळलो. मग अनइन्स्टॉल."

खोलीचा विषय मी काढणार होतो. या वेळीही नाही काढला.

पुतणीने स्वतःची पोरगी बनवायला घेतली आहे. रंग स्वतःसारखा सावळा ठेवलाय, शिंगं लावलीयेत. तासभर झाला, अजून केसच चालले आहेत.