पितळी मुठीची आखूड तलवार

जुनी शस्त्रं टिकवण्याचं काम मी नागपुरात करतो. भोसलेकालीन तलवारी, कट्यारी येतात, तशा इंग्रजी आखूड तलवारीही. कामठीची छावणी 1821 सालची. तिथल्या पलटणींबरोबर अशी हत्यारं या भागात आली. त्यांतली माझी लाडकी म्हणजे 1856 च्या नमुन्याची, बँडमधल्या ढोलवाल्यांची. ती मुख्यतः परेडची शोभा, पण मूठ बघावी! ओतीव पितळ, आडव्या परजेच्या टोकांना तीन-तीन पाकळ्या, मधोमध मुकुट आणि राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरं. कारागिराच्या कानशीच्या रेघा खाचांत अजून सापडतात.

या रेघांसाठीच मी भांडतो. देवाच्या उपकरण्यांना लावतात तशी लोक मुठीलाही चिंच लावतात. आंबटाने पितळेतलं जस्त निघतं, तांबूस थर उरतो, आणि त्यालाच चकाकी समजतात. अमोनियाचं पॉलिश आणखी घातक. ब्रिटिश लष्कराची पितळी काडतुसं भारतात पावसाळ्यात न उडवताच तडकत. तबेल्याजवळ साठवलेल्या काडतुसांना जनावरांच्या मूत्रातला अमोनिया बाधत होता. दाबून घडवलेल्या पितळेला तो फार लवकर फोडतो. ओतीव मूठ तशी सहसा तडकत नाही, पण तो तांबं खातोच, आणि पॉलिशमधली पूड नक्षी झिजवते.

मी तपकिरी रंगाला हात लावत नाही. कातडी म्यानाच्या तोंडाशी साचलेलं हिरवं, मेणचट किटण मात्र भिंगाखाली बांबूच्या काडीने काढतो आणि मेणाचा पातळ हात देतो. मूठ सैल असली तरी उघडत नाही. देशी तलवारीचं पातं लाखेत बसवलेलं असतं, ऊब दिली की सुटतं. इंग्रजी पात्याचा निमुळता शेवट मुठीतून आरपार जाऊन टोकाला ठोकून पसरवलेला असतो. तो कापला की मूळची जोडणी कायमची गेली.

परदेशी पात्याला देशी मूठ चढवली की ती फिरंग. रघूजीराजे भोसल्यांची अशी फिरंग महाराष्ट्र शासनाने 2025 मध्ये लंडनच्या लिलावातून घेतली. तिच्या पात्याच्या पाठीवर सोन्यातली देवनागरी अक्षरं आहेत. कुणी दर दसऱ्याला ती राखेने घासली असती, तर मालकाचं नाव आज वाचता आलं नसतं.

म्हणून ‘चमकवून द्या’ म्हणणाऱ्याला मी आधी भिंगातून मूठ दाखवतो. बहुतेकांचा आग्रह तिथेच सुटतो. मग सांगतो, पावसाळाभर तलवार कातडी म्यानाबाहेर ठेवा, सुती कापडात, कोरड्या कपाटात.